डी मधले अप्पा

सोमेश : हात लावू नको म्हणलं ना. चालू हाय ते.

विरेश : चालू आहे ते मला माहितीय. मीच लावलंय. कम्प्युटरचा पंखा एवढा का ओरडतोय ते बघत होतो.

सोमेश : डबा जुना हाय. तू त्येच्यावर तुझं लिनक्स चढवलं तवापासनं तसाच वरडतोय.

विरेश : पंख्याचा आणि लिनक्सचा काय संबंध? आत धूळ बसलीय. तूच अप्पांना म्हणाला होतास ना, येऊन साफ करून देत जाईन म्हणून?

सोमेश : देतच होतो की. दिवाळीला तू पुण्याहून आलास आन माझं विंडोज मुळापासनं उपटून टाकलंस. मग म्या कशाला पाऊल टाकू हितं?

शिवप्रिया : पडद्यावर काय आलंय?

विरेश : एक हिरवी पट्टी सरकतेय. बघ, निम्म्याच्या पुढं…

शिवप्रिया : बघ म्हणू नको अण्णा. माझी नजर जाऊन किती वर्षं झाली. सांग नुसतं.

विरेश : चुकलो. पट्टी निम्म्याच्या पुढं गेलीय. पुसलेल्या फायली शोधतंय ते. जे सापडेल ते वेगळ्या पेनड्राईव्हवर काढून ठेवतंय.

शिवप्रिया : सोमेशदादा, तुम्हाला काय वाटतं? सापडेल?

सोमेश : सापडायला पायजे. माझ्याकडं ह्येच्यापेक्षा चांगलं सॉफ्टवेअर होतं. विंडोजवर चालणारं. पण साहेबांनी त्येंचंच लावलं.

विरेश : तुझं ते चोरलेलं. किल्ली तोडून आणलेलं.

सोमेश : चोरलेलं असंल, पण चालतंय. तुझं फुकटचं सोवळं देवघरात ठिव.

शिवप्रिया : पट्टी कुठवर आली?

विरेश : शेवटाकडं. थांब. झालं.

शिवप्रिया : मग?

विरेश : बऱ्याच फायली आल्यात. आवाजाच्याच आहेत सगळ्या. पण नावं गेलीत, नुसते आकडे दिसतायत.

शिवप्रिया : नावं अप्पांनी दिली होती, माझे पाठ वाचून भरताना. 'इतिहास पाठ चौथा, मधे पार्वतीची बडबड.' 'भूगोल, आवाज बसलेला.' एकेक अक्षर हुडकत एका बोटानं टंकायचे. ती नावं गेली?

विरेश : नावं परत येत नाहीत शिवा. आतला आवाज येईल.

शिवप्रिया : लाव.

सोमेश : खरखर हाय ही.

विरेश : पहिलीच आहे. दुसरी लावतो.

शिवप्रिया : हे काय? टाळ कसले? कीर्तन आहे हे.

विरेश : अप्पांनी कीर्तन कधी भरलं होतं?

शिवप्रिया : कधीच नाही. हा त्यांचा आवाज नाही. पुढची लाव.

विरेश : पुन्हा तेच बुवा. ही बघ, ह्यात बाई गातेय. कानडी वचन आहे वाटतं. सोमेश, हे कुठून आलं?

सोमेश : पुढची लाव की.

विरेश : हे तू टाकलंयस?

सोमेश : पुढची लाव म्हणतो ना.

शिवप्रिया : अण्णा, ते मागनं विचार. आधी सगळ्या लाव. एकही सोडू नको.

(यंत्रातून बराच वेळ खरखर, कीर्तनाचे तुकडे, पुन्हा खरखर. मग स्वच्छ, भरदार आवाजात अप्पांचं अर्धं वाक्य : "आणि मग त्या तहात असं ठरलं की". पुन्हा खरखर. बाकीच्या फायली तशाच जातात.)

विरेश : आलं. शिवा, ऐकलंस? अप्पा होते ते.

शिवप्रिया : ऐकलं.

सोमेश : काकाच. गाडीत तिकीट मागायचे तसलाच आवाज. मागच्या शिटापतूर जायचा.

विरेश : लिनक्सच्या टूलनं काढलं बरं का. तुझ्या तोडलेल्या सॉफ्टवेअरला हे जमलं असतं का, सांग आता.

सोमेश : आरं माझ्यानं आख्खी फाईल आली असती. तुकडा काय दावतोस?

विरेश : आख्खी कशी येईल? तू वर कीर्तनं ओतलीस…

सोमेश : आन तू डी ड्राईव्हची माती केलीस त्येचं काय?

शिवप्रिया : पुढं अप्पांना खोकला येतो.

विरेश : काय म्हणालीस?

शिवप्रिया : 'असं ठरलं की', आणि मग खोकला. मग अव्वा आतून ओरडते, किती वाचताय, घसा बसंल. अप्पा म्हणतात, पार्वती, पाणी आण मग. भांडं खाली ठेवल्याचा आवाज येतो. मग ते म्हणतात, कुठवर आलो होतो शिवा. ते सगळं त्यात होतं. तुम्ही भांडत होता म्हणून सांगितलं.

विरेश : शिवा…

शिवप्रिया : संपल्या सगळ्या?

विरेश : संपल्या.

शिवप्रिया : म्हणजे एवढंच राहिलं.

विरेश : एवढंच. पण पुण्यात एक लॅब आहे. ते लोक डिस्क उघडून…

सोमेश : इरेश, खोटी आशा लावू नको पोरीला. वरनं लिहिलं गेलं की खालचं गेलं. तुलाबी म्हाईत हाय, मलाबी म्हाईत हाय.

शिवप्रिया : खरंय का अण्णा?

विरेश : खरंय.

शिवप्रिया : बरं. मग आता मी विचारते, तुम्ही सांगा. आधी अण्णा. मधे कुणी बोलायचं नाही. दिवाळीला तू माझं यंत्र का बदललंस?

विरेश : त्यावर चोरीचं विंडोज होतं. त्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत. व्हायरस शिरला असता तर तुझं सगळं गेलं असतं. मला वाटलं, तुझं यंत्र स्वच्छ असावं. तुझ्या मालकीचं असावं.

शिवप्रिया : मला विचारलं होतंस?

विरेश : सांगितलं होतं.

शिवप्रिया : सांगितलं होतंस. करंज्या भरत होते, तेव्हा मागून म्हणालास, शिवा, तुझं यंत्र नवं करून टाकतोय. मी म्हणाले, माझी बोटं जुन्यावर बसलीत, राहू दे. तू म्हणालास, आठ दिवसांत सवय होईल.

विरेश : झाली असती.

शिवप्रिया : झाली नाही. माझी पाठ केलेली सगळी बटणं बदलली. जेवणाच्या ताटात वाटी कुठं ते मला माहीत असतं. कुणी न सांगता ताट फिरवलं की हात आमटीत जातो. तसं झालं. पण ते सोड. डी का बदललीस? अप्पांचं वाचन डीमधे होतं. लिनक्सला जुनी डी वाचता येत नव्हती का?

विरेश : येत होती.

शिवप्रिया : मग?

विरेश : जुना फॉरमॅट होता. विंडोजचा. मला वाटलं, करतोच आहे तर सगळं एकसारखं करू. फायली माझ्या लॅपटॉपवर घेतल्या, डी नव्या पद्धतीनं फॉरमॅट केली, फायली परत ठेवल्या. एकही हरवली नव्हती शिवा. तूच तपासलं होतंस.

शिवप्रिया : हो. पण विंडोजचं तिथं काही ठेवायचं नव्हतं तुला.

विरेश : हो.

शिवप्रिया : त्या फायली तुझ्या लॅपटॉपवर होत्या की मग. त्या कुठं गेल्या?

सोमेश : आता बोल की.

शिवप्रिया : दादा, तुम्ही गप्प.

विरेश : लिनक्सची नवी आवृत्ती आली होती. आमच्या पुण्याच्या गटात कोण आधी बसवतो अशी चढाओढ लागते. मी लॅपटॉप पुसून ती बसवली. तुझ्याकडं फायली आहेतच म्हणून वेगळ्या काढल्या नाहीत.

शिवप्रिया : कधी?

विरेश : परत गेलो त्याच आठवड्यात.

शिवप्रिया : आणि माझं यंत्र मुकं झालं ते कशानं?

विरेश : मीच तुझ्या यंत्रात पुण्यातून शिरलो होतो. म्हटलं, पडद्यावरचं तुला वाचून दाखवणारा आवाज जरा गोड करू. चुकीचं काहीतरी काढलं गेलं. मग आवाजही गेला आणि मला आत शिरताही येईना.

शिवप्रिया : तेही मला न विचारता.

विरेश : हो.

शिवप्रिया : दादा, तुम्हाला माहीत नसेल, त्या दिवसांत काय चाललं होतं. यंत्र सुरू व्हायचं, पंखा फिरायचा, आणि पुढं काही नाही. अण्णा फोनवर म्हणायचा, काळ्या पडद्यावर काय लिहून आलंय ते अव्वाला वाचायला सांग. अव्वाला इंग्रजी कुठं येतं? ती पडद्यावरचं अक्षर बघायची आणि माझ्या तळहातावर बोटानं काढायची. उभी काठी, तिला टोपी. गोल, त्याला शेपूट. मी ओळखून फोनवर सांगायचे. एका ओळीला सकाळ जायची. आणि अण्णा म्हणायचा, तिला म्हण नीट बघ, इथं मोठं अक्षर असणार, लहान नाही.

विरेश : मला काय माहीत, अव्वा तळहातावर काढत होती.

शिवप्रिया : तू विचारलं नाहीस. आणि त्याच दिवसांत माझं टायपिंगचं काम गेलं. रेकॉर्डिंग ऐकून लिहायचं. महिनाभर बघून घेतो म्हणाले होते ते लोक. मी काही पाठवू शकले नाही. त्यांनी दुसरी मुलगी घेतली.

सोमेश : हे मला सांगितलं न्हायस शिवा.

शिवप्रिया : सांगून काय करणार होता? मी तुम्हाला फोन केला तो अगदीच इलाज उरला नाही तेव्हा. अण्णाला कळलं तर चिडेल हे माहीत असून केला. आता तुम्ही सांगा. त्या दिवशी तुम्ही आलात. यंत्र लावलंत. मी काय म्हणाले?

सोमेश : तू म्हणलीस, दादा, बोलतं करा, पण डीला हात लावू नका. अप्पांचं वाचन हाय त्यात.

शिवप्रिया : आणि तुमच्या हातात काय दिलं?

सोमेश : पेनड्राईव्ह.

शिवप्रिया : कुठली?

सोमेश : इरेशनं ठेवलेली. लिनक्सची.

शिवप्रिया : ती लावली असती तर डी उघडली असती का?

सोमेश : आता ते…

शिवप्रिया : उघडली असती का?

सोमेश : उघडली असती. फायली बाजूला काढता आल्या असत्या.

शिवप्रिया : तुम्हाला ते तेव्हा माहीत होतं?

सोमेश : म्हाईत होतं. मी काय अडाणी हाय व्हय.

शिवप्रिया : तुम्ही काय म्हणालात तेव्हा?

सोमेश : जाऊ दे की शिवा.

शिवप्रिया : म्हणा. मला पाठ आहे, पण तुमच्या तोंडून ऐकायचंय.

सोमेश : म्हणलं, असला कचरा म्या माझ्या हातानं लावत न्हाय.

विरेश : वा.

शिवप्रिया : अण्णा, तुझं झालंय. पुढं दादा?

सोमेश : मग विंडोज बसवलं. सी पुसून. तुझं ते वाचणारं सॉफ्टवेअर टाकलं. बाई बोलायला लागली. तू हसलीस.

शिवप्रिया : हसले. पुढं?

सोमेश : मग डी उघडायला गेलो. विंडोजला ती कळंना. पडद्यावर आलं, ही डिस्क वापरायची असंल तर आधी फॉरमॅट करावी लागंल. करू का, व्हय की न्हाय.

शिवप्रिया : मी तेव्हा कुठं होते?

सोमेश : आत. तुझ्या अव्वाला फोन लावत होतीस. यंत्र बोलाया लागलं म्हणून सांगत होतीस.

शिवप्रिया : आणि तुम्ही?

सोमेश : माझ्या डोक्यात तिडीक उठली. म्हणलं, गेला तरी ह्येनं खुंटी मारून ठिवलीय. माझ्याच गावात, म्या बसवलेल्या डब्यात, मला दार बंद. वाटलं, आत ह्येच्याच लिनक्सचं काय तरी भरलेलं असणार. काकांचं वाचन ह्येनं पुण्याला नेलं असंल. येवढा शाना हाय, कापी तर ठिवली असंल.

शिवप्रिया : मला हाक मारून विचारता आलं असतं. मी पलीकडच्या खोलीत होते.

सोमेश : व्हय.

शिवप्रिया : विचारलं नाही.

सोमेश : न्हाय. व्हय दाबलं.

विरेश : आणि वर कीर्तनं.

सोमेश : रिकामी दिसाया लागली ना डी. आख्खी रिकामी. मग जीव कसातरी झाला. म्हणलं, पोरीला ऐकायला काय तरी असावं. क्लासवरनं भरून आणली होती, कीर्तनं, वचनं. ती सगळी ओतली. चांगल्या मनानं ओतली रे. त्येच्याच खाली काका हायेत हे…

विरेश : रडू नको.

सोमेश : रडत न्हाय. पंख्याची धूळ उडतीय.

विरेश : पाणी देऊ का?

सोमेश : राहू दे.

शिवप्रिया : तुम्हाला आठवतं का, शाळेत एकच कम्प्युटर चालू होता. एका खुर्चीवर दोघं अर्धे अर्धे बसायचात. घरी येऊन मला सांगायचात, आज असं केलं, आज तसं केलं. अर्धं वाक्य अण्णा बोलायचा, अर्धं सोमेशदादा. तेव्हा मला थोडं थोडं दिसायचं.

विरेश : आठवतं.

शिवप्रिया : हे यंत्र अप्पांनी बार्शीहून आणलं. ड्यूटी संपल्यावर, एसटीत मांडीवर घेऊन. दादांनी ते जोडून दिलं. तेव्हा अण्णा पुण्यात होता. तिथून पुढं तुमचं सुरू झालं.

सोमेश : सुरू ह्येनं केलं. आमच्या संगणक मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, परंड्यात चोरीचा माल शिकवणारे क्लास चालतात. गावात क्लास किती? एक. माझा.

विरेश : आणि तू काय लिहिलंस? पुण्याला जाऊन बाबा झालाय, फुकटचा अंगारा वाटत फिरतोय. सहाशे लोकांत.

सोमेश : तू शाळेतली लॅब आमच्याकडनं काढून घेतलीस. लिनक्स टाकून दिलंस. पोरांची टायपिंगची परीक्षा विंडोजवर, आन शाळेत विंडोज न्हाय. आईबाप माझ्याकडं येऊन बोंबलले.

विरेश : आणि तू रातोरात परत बदललीस. मुख्याध्यापकांना सांगितलंस की मी पोरांची वर्षं घालवतोय. माझ्या लग्नातसुद्धा आला नाहीस.

सोमेश : बोलावलं कुठं होतंस?

शिवप्रिया : झालं?

सोमेश : झालं.

शिवप्रिया : अप्पा गेले, त्यांना पुरलं, त्या दिवशी मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. अण्णा खड्ड्याच्या डोक्याकडं उभा होता, दादा पायाकडं. माती टाकताना कुणीतरी म्हणालं, दोघं मिळून टाका रे. दोघंही हलले नाहीत. शेवटी बंडप्पाकाकांनी टाकली. मला वाटलं होतं, अप्पांच्या अंगावर माती पडताना तरी हे दोघं एकमेकांशी बोलतील.

विरेश : शिवा, पुरे.

शिवप्रिया : पुरे कसं? अप्पा काय म्हणायचे तेही ऐका. म्हणायचे, एका गाडीला दोन ड्रायव्हर भांडले की गाडी डेपोत राहते आणि पाशिंजर स्टँडवर. मला वाटायचं, ते दुसऱ्या कुणाबद्दल बोलतायत.

सोमेश : मला सांग शिवा, काय करू? म्हणशील ते करतो. क्लास बंद करू का?

शिवप्रिया : क्लासनं काय केलंय? पोरं शिकतायत.

विरेश : मी नोकरी सोडून इथं येऊन राहतो. तुझं यंत्र नीट करतो. तुला जे हवं ते बसवतो. विंडोज म्हणशील तर विंडोज. विकतचं घेतो, पावतीचं.

सोमेश : म्या लिनक्स शिकतो. तुझ्यासाठी शिकतो.

शिवप्रिया : आता? आता दोघं एकमेकांचं घेणार?

विरेश : मग काय करायचं?

शिवप्रिया : माझं मी बघेन. अप्पांचं मला बरंचसं पाठ आहे. बीए त्यावरच झाले. मला वाचन हवं होतं ते परीक्षेसाठी नव्हतं, तरी मी बघेन. अव्वाचं काय?

विरेश : अव्वाला काय कळतं इतिहासातलं?

शिवप्रिया : इतिहासातलं नाही. तिला तहाबिहाशी घेणं नाही. संध्याकाळी दिवा लावला की ती इथं खाली बसायची, भाजी निवडत. म्हणायची, लाव गं. मी लावायचे. ती पानं भराभर मोडायची आणि अप्पा पाणी मागायचे तिथं थांबायची. आख्ख्या संसारात अप्पांनी तिला नावानं हाक मारली ती त्या फायलीत. एरवी 'अगं ए'. त्या दिवशी रेकॉर्डिंग चालू होतं म्हणून जरा सभ्य बोलले. तिला ते माहीत होतं. तरी रोज ऐकायची.

सोमेश : आईगं.

शिवप्रिया : यंत्र मुकं झालं तेव्हा म्हणाली, हे बोलेना तोवर घरात करमत नाही. सोनारीला मावशीकडं जाऊन राहिली. जाताना सांगून गेली, बोललं की फोन कर. दादा, तुम्ही आवाज आणलात तसा मी फोन केला. अव्वा, बोलायला लागलं म्हणाले. फोन ठेवून बाहेर आले तर दादा म्हणतात, डी रिकामीच हाय की गं.

विरेश : मग परत फोन केला नाहीस?

शिवप्रिया : काय सांगू? तुला फोन केला. तू म्हणालास, हात लावू नका, मी येतो, सगळं काढून देतो. मी थांबले.

विरेश : ती कधी येणार?

शिवप्रिया : आज. दुपारच्या गाडीनं.

सोमेश : म्हंजे आत्ताच की. गाडी स्टँडात आली असंल.

शिवप्रिया : म्हणून तुम्हाला दोघांना आज बोलावलं. यंत्र दुरुस्त होईल अशी मला फार आशा नव्हती. पण तिला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं.

विरेश : आम्ही?

शिवप्रिया : दोघांनी मिळून. आणि सांगताना विंडोज म्हणायचं नाही, लिनक्स म्हणायचं नाही. फॉरमॅट नाही, व्हर्जन नाही. तिला त्यातलं काही कळत नाही. साधं सांगायचं.

सोमेश : मला जमायचं न्हाय. काकूसमोर माझी जीभ वळायची न्हाय.

शिवप्रिया : आत्ता म्हणून बघा. अण्णा, तू म्हण.

विरेश : अव्वा… अप्पांचं वाचन होतं ना, यंत्रातलं. ते पुसलं गेलं.

शिवप्रिया : पुसलं गेलं म्हणजे? आपोआप गेलं?

विरेश : तांत्रिक अडचण…

शिवप्रिया : नाही. तिला तांत्रिक काय ते ठाऊक नाही. ती विचारेल, कुणी पुसलं.

विरेश : अव्वा, अप्पांचं वाचन पुसलं.

शिवप्रिया : कुणी?

विरेश : सोमेशनं.

सोमेश : बघ. बघ कसा हाय.

शिवप्रिया : दादा, तुम्ही म्हणा.

सोमेश : काकू, इरेशनं ते असं काय करून ठिवलं होतं की…

शिवप्रिया : दादा.

सोमेश : मग काय म्हणू? एकट्यानं गळ्यात घिऊ?

शिवप्रिया : एकट्यानं कोण घ्या म्हणतंय? अण्णा, तू तसं केलं नसतंस तर यांच्या हातून गेलं नसतं. यांनी तसं केलं नसतं तर तुझं चाललं असतं. मी हे रात्रंदिवस उलटसुलट करून बघितलंय. एकाला काढलं तर अप्पा राहतात. दुसऱ्याला काढलं तरी राहतात. दोघं असलात की राहत नाहीत. आता नीट म्हणा.

विरेश : अव्वा, अप्पांचं वाचन आता नाही. आम्ही पुसलं.

शिवप्रिया : दादा?

सोमेश : आमी पुसलं काकू. आमच्या दोघांच्या भांडणात.

शिवप्रिया : हां. एवढंच. माफी बिफी लगेच मागू नका. ती आधी काही बोलणार नाही. गप्प बसेल. तेवढं गप्प तुम्हीपण बसा.

विरेश : तो तुकडा ऐकवायचा का तिला? आला तेवढा?

शिवप्रिया : 'असं ठरलं की'? त्यात तिचं नाव नाही.

सोमेश : फाटक वाजलं.

शिवप्रिया : अव्वाच आहे. चप्पल घासत चालते. दादा, उठू नका. उठलात तर जाल.

सोमेश : न्हाय जात.

पार्वतम्मा : शिवा, दार उघडंच ठेवलंस व्हय गं. आणि हे कोण? इरेश, तू कधी आलास बाळा? सोमेश? अरे देवा. दोघं एका बाजेवर. शेजारी शेजारी.

विरेश : अव्वा, बस आधी.

पार्वतम्मा : बसते की. पाय धुते, चहा ठेवते. किती वर्षांनी असं बघतीय मी तुम्हाला. गाडीत बायकांना सांगतच आले, आमचं यंत्र बोलायला लागलं म्हणून. सोमेश, तुझ्या हाताला गुण आहे बघ.

सोमेश : काकू, ऐका ना जरा…

पार्वतम्मा : ऐकते, ऐकते. पण आधी यांचं लाव की शिवा. पाणी मागतात ते. चहा उकळंस्तोवर होईल ऐकून.